पहिला घोट जमिनीला

गोंदियाला लागून फुलचूरला माझं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. भुताखेतांच्या गप्पांना मला सवड नसते, आणि त्या गप्पा मारणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. पण तुम्ही विषय काढलाच आहे आणि लाईटही गेली आहे, तर ऐका. मधे हसू मात्र नका.

२०११ सालची गोष्ट. धाकट्या बहिणीचा, मोनालीचा, मिक्सर दुरुस्त करून द्यायला निघालो होतो. तिचं सासर केशोरीच्या पुढं, जंगलाला लागून. आम्ही गोंड, सासरही गोंडांचंच. मिक्सर आपलं निमित्त. फोनवरचा तिचा आवाज मला आवडला नव्हता.

मोनाली म्हणजे साधं प्रकरण नाही. आदल्या वर्षी गावातल्या बायका गोळा करून तिनं मतदान घडवलं, बाटली आडवी केली, मोहाच्या हातभट्ट्या फोडल्या. तेव्हापासून गावात औषधालाही दारू मिळेना. नवरा पतिराम एकदम गरीब, बायकोपुढं हूं की चूं करणार नाही.

चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "दादा, हा घरी जेवतच नाई."

"काऊन?"

"सांज झाली का जाते. जंगलातल्या वळणावर हॉटेल निघालं म्हनते, तिथंच जेवते म्हनते. अन् हाडं निघून राह्यली त्याची. धानाचा रोवणा तोंडावर आला, याच्यानं नांगर धरवत नाई." तिनं तोंड फिरवलं. "पेते म्हनावं, तर तोंडाले वास नाई. मंग जाते कायले? मले माझा मानूस पाह्यजे, दादा."

माझ्या मनात आलं, तिथं कोणी बाई असेल. पण बहिणीला तसं कसं सांगणार? मिक्सर तिच्या हातात दिला आणि गाडीला किक मारली.

ऊन कललं होतं. पावसानं उघडीप दिलेली, रस्ता ओला, दोन्ही बाजूंना साग. बेडूक ओरडत होते. वळण जवळ आलं तसे ते गप्प झाले, आणि हॉटेल दिसायच्या आधीच त्याचा वास आला. मोहाचा, आणि तव्यावर भाजल्या जाणाऱ्या झिंग्यांच्या चटणीचा. मला सपाटून भूक लागली.

कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, सारवलेलं अंगण. आत कंदील. भिंतीला धरून मातीचा लांब ओटा आणि त्यावर बसलेली म्हातारी माणसं, खांद्यावर दुपट्टे, चेहरे सावलीत.

"ये गा भाऊ," चुलीपासली बाई वळून न पाहताच म्हणाली. "हातपाय धुवून घे. जागा करा गा त्याले."

सगळे सरकले. आता बघा, इतकी वर्षं गोंदियात राहतो, पण चहाच्या टपरीवरसुद्धा 'भैया, थोडा सरको' म्हटल्याशिवाय कोणी हलत नाही. इथं न सांगता जागा झाली. कोणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. पतिरामला दोष द्यायला आलो होतो, तो विचारच डोक्यातून गेला.

पतिराम कोपऱ्यात होता. गाल आत गेलेले. मला पाहून त्यानं मान खाली घातली. त्याच्यासमोर पत्रावळ होती. भात, लाखोळीची डाळ, चटणी. एक घास मोडलेला नव्हता.

बाईनं माझ्या हातात पळसाच्या पानांचा द्रोण दिला, आत मोहाचीच दारू होती. आमच्यात पहिला घोट आपला नसतो. आधी पुरख्यांच्या, वाडवडिलांच्या नावानं थोडी जमिनीला द्यायची, मग आपल्या तोंडाला लावायची. आजानं लहानपणापासून डोळ्यांसमोर केलेलं, हात आपोआप तसाच वळतो. मी द्रोण तिरपा केला.

"दादा, नको..." पतिराम पुटपुटला.

थेंब सारवणावर पडले आणि ओलीची खूणसुद्धा राहिली नाही. त्याच वेळी ओट्यावरच्या सगळ्यांनी ओठ पुसले. सगळ्यांनी, एकदम. आणि द्रोण तर माझ्याशिवाय कोणाजवळच नव्हता.

मी पतिरामकडं पाहिलं. त्याचे ओठ कोरडे होते, भेगा पडलेले. एवढ्या सगळ्यांत तो एकटा आपल्यातला होता. ते ओठ पाहून मला रडू आलं.

"चल," मी म्हटलं.

"बा इथं आहे, दादा..." तो अगदी हळू बोलला. "त्या कुडाजवळ. गावात आता कोनाच्या घरी थेंब पडत नाई... म्हनून सारे इथं येऊन बसले. मी माझं ताट खाली सांडतो... तवा त्याचं पोट भरते."

त्याच्या बापाला मी स्वतः खांदा दिला होता. कुडाकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

दंडाला धरून पतिरामला बाहेर काढलं. कोणी अडवलं नाही. बाई तेवढी म्हणाली, "ने बापा. पन यायले उपाशी ठेवून कोनाचं घर चालत नाई."

घरी येऊन मोनालीला सगळं सांगितलं. वाटलं, मला वेड्यात काढेल. ती भडकली. "मेल्यावरबी यायले दारूच पाह्यजे? माझ्या घरात थेंब येनार नाई!"

पण आत जाऊन तांब्याभर पाणी आणि ताटात भात घेऊन आली. सासऱ्यासमोर घेतात तसा डोक्यावर पदर घेतला आणि पडवीत बसली. "मामाजी, पानी घ्या, भात घ्या. दारू नाई भेटनार. माझा मानूस तेवढा सोडा."

तिनं पाणी ओतलं. पावसाळ्यातली ओली जमीन, पाणी साचायला हवं होतं. साचलं नाही. खाटेवरून पतिराम म्हणाला, "मोनाली, भूक लागली व." त्या संध्याकाळी त्यानं गंजातला भात खरडून खाल्ला. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

गोष्ट इथं संपली असती तर मी तुम्हाला हसत सांगितली असती.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. वळणावर नुसतं रान होतं. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली. पतिराम चांगला भरला होता, पाण्याच्या घागरी आणत होता. पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चटया अंथरलेल्या, प्रत्येकीसमोर पत्रावळ. मोनाली वाकून वाकून वाढत होती. चटयांवर कोणीच नव्हतं.

"हळू बोल दादा, जेवून राह्यले," ती म्हणाली. "गावातले सारेच येतात आता. बाकी घरी कोन देते यायले?"

तिच्या आवाजात चांगलाच तोरा होता. नवरा परत मिळाला, आता काय! मी दाराशी अंग चोरून उभा राहिलो. तिथंही एक चटई होती, पण समोर पत्रावळ नव्हती.

"हे कोनाची व?"

"मायची."

आमची माय माझ्या घरी वारली, इथंच, फुलचूरला. जे करायचं ते सगळं रीतीनं केलं होतं आम्ही.

"रोज यायच्या हाती निरोप धाडते मी तिले," मोनाली वाढता वाढता म्हणाली. "पन तुह्या घरून निघतच नाई म्हनतात. सैपाकखोलीच्या दारात बसून राह्यते म्हनतात... तोंड उघडं ठेवून. काहीच देत नाई का गा दादा तू तिले?"

देतो ना. तेव्हापासून रोज सांजेला त्या दारात पेलाभर पाणी ओततो. सकाळी बायको उठते तेव्हा फरशीवर ते सगळं तसंच असतं.

मायनं अजून एकदाही घेतलेलं नाही.