डबा उघडण्याआधीची शीळ

काजळकडा अभयारण्याच्या फाटकावर हल्ली तिकिटाऐवजी कुडी मिळायची. कानाच्या पाळीला ती चिमट्यासारखी लावायची, की रान बोलकं व्हायचं. झाडात काही खर्रकन ओरडलं की कुडी हळूच सांगायची, "शेकरू, मादी. जवळ पिलं आहेत." हेमांगीच्या आईने, वत्सलाबाईंनी, आधी ती साफ नाकारली होती. सोन्याच्या कुड्या मोडल्या आणि आता म्हातारपणी ही सरकारी, असं पुटपुटत त्यांनी ती शेवटी लावून घेतली, तीही नात ऊर्वी हट्टाला पेटली म्हणून.

हेमांगीचे वडील, अण्णा, होते तोवर दर हिवाळ्यातला एक रविवार ह्या डोंगराचा असायचा. पोचल्या पोचल्या सगळे चहूकडे पांगायचे. अण्णा मात्र जांभळीखाली सतरंजी अंथरून भाकऱ्या राखत बसायचे, आणि भूक लागली की शीळ घालायचे. दोन तुटक, एक लांब, आणि शेवटी पडक्या दाताच्या फटीतून निसटलेली एक फुर्र. शेवटचं माणूस सतरंजीवर टेकेपर्यंत डबा उघडायचा नाही, हा घरचा कायदा होता. अण्णा गेले तेव्हा कळलं, घरात फोटोंचा ढीग पडलाय, पण शीळ कुणीच टिपलेली नाही. रोजची गोष्ट कोण कशाला टिपून ठेवतंय? तेव्हापासून चार वर्षं इकडे कुणी फिरकलं नव्हतं. आईने तर सगळ्यांबरोबर जेवायला बसणंच सोडलं होतं. सगळ्यांचं उरकलं की ओट्याशी उभ्याउभ्या चार घास, झालं तिचं जेवण. हेमांगीला ते बघवत नसे, म्हणून तर तिने आईला आज जवळजवळ ओढूनच आणलं होतं.

जांभळीखाली सतरंजी पडली. आई दूर दगडावर जाऊन बसली, तुमचं होऊ द्या म्हणाली. हेमांगीने डब्याला हात घातला, आणि तेवढ्यात वरच्या फांद्यांतून शीळ आली. दोन तुटक, एक लांब, आणि फुर्र.

"अण्णांची शीळ!" हेमांगीच्या तोंडून निघून गेलं.

कानातली कुडी लगेच म्हणाली, "भृंगराज पक्षी. मानवी आवाजाची नक्कल. आपण दुजोरा दिलात, आभारी आहोत. आवाज दुरुस्तीच्या यादीत घेत आहोत."

हेमांगी तडक पलीकडच्या निरीक्षण-मचाणाकडे गेली. तिथे पक्ष्यांचा अभ्यास करणारी तहसीन मुजावर नावाची मुलगी बसली होती. दुरुस्ती म्हणजे काय, हे तिने हात लांब करून दाखवलं. झाडाझाडांआड बांबूसारखे दिसणारे सूरखांब उभे होते. रोज पहाटे त्यांतून जुन्या, माणसांची वर्दळ होण्याआधीच्या रानाचे आवाज वाजत, आणि पाखरं उसने आवाज विसरून मूळचे शिकत. भृंगराज पक्का नकल्या, ऐकेल ते उचलणारा. गाड्या मागे घेतानाची पीं-पीं त्याने उचलली होती, आणि त्या गोंगाटात ससाणा आल्याचा खरा इशारा पिलांना कळेनासा झाला होता.

"तुम्हाला काय वाटत असेल ते कळतं, ताई," तहसीन म्हणाली. "पण ससाण्याने फाडलेली ती पिलं मी ह्या हातांनी उचलली आहेत. एक आवाज सोडला तर बाकीचे कुठल्या तोंडाने पुसू?"

आवाज पुसायला तो ओळखणाऱ्या दोन माणसांचा दुजोरा लागतो, असंही तिने सांगितलं. एक तर हेमांगीने देऊन टाकलाच होता. दुसरा विचारायला तहसीन तिच्याबरोबर जांभळीपाशी आली.

भृंगराज आता उघड्या फांदीवर होता, काळाभोर, शेपटीची दोन लांब पिसं हलवत. पायात पिवळा वाळा होता. तहसीनने दुर्बीण लावली आणि चमकली. हा वाळा तिनेच घातला होता, दोन वर्षांपूर्वी, घरट्यातल्या पिलाला. म्हणजे अण्णांना ह्याने कधी ऐकलंच नव्हतं, तो बापाकडून शिकला होता. एवढ्यात त्याने पुन्हा शीळ घातली, आणि झुडपांतून सातभाई आले, सुतार आला, बुलबुल आले. सगळे मिळून त्या झाडावर किडे टिपू लागले. पांगलेल्यांना तो जेवायला बोलावत होता. तहसीन कितीतरी वेळ दुर्बीण खाली घेईना.

पण कुडी थांबणारी नव्हती. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं वत्सलाबाईंना विचारलं, "हा आवाज माणसाचा आहे का?"

नाही म्हण, असं हेमांगीच्या ओठांवर आलं होतं. पण जी शीळ ऐकून आई जन्मभर जेवायला आली, ती ओळखत नाही असं तिला कुठल्या तोंडाने म्हणायला लावायचं? आईचे डोळे भरून आले होते. तिने वर पाहिलं, पदराने तोंड पुसलं.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या ओळखीच्या माणसाचा नाही. हा रानातलाच."

आणि कुडी काढून तिने दगडावर ठेवली, उठली, आणि सतरंजीवर येऊन बसली. डबा स्वतःच पुढे ओढला. तहसीन उभीच राहिलेली पाहून जराशा दटावणीनेच म्हणाली, "ये ना गं तूही. बोलावणं झालंय, ऐकलं नाहीस?"

तहसीनने आपलीही कुडी खिशात टाकली आणि मांडी घातली. चार वर्षांनी आई सगळ्यांबरोबर जेवत होती, तरी हेमांगीचा घास मध्येच थांबत होता. शीळ यादीतून सुटली, तरी उद्या पहाटे सूरखांब नेहमीसारखे वाजतीलच. तेव्हा त्या पिवळ्या वाळ्याच्या पाखराची पिलं कुणाचं ऐकतील, जुन्या रानाचं, की अण्णांचं?