पलीकडचा ठोका

तीन कागद गिरण्या, एक बंदर आणि मधे एकोणीस किलोमीटर रूळ. एवढीच ती लाइन. नकाशावर बोटाच्या पेराएवढी. पण तिच्यावर काम करणाऱ्यांना विचारलंत तर ते अशा थाटात बोलतील, की जगातले बाकीचे सगळे रूळ यांच्या सायडिंगला येऊन मिळतात. आणि त्यांतही सगळ्यांत ताठ मानेचा म्हणजे कानसेन.

त्याला खरं नाव होतं, पण ते हजेरीपुस्तकापुरतं. बाकी सगळे कानसेनच म्हणायचे, कारण त्याचं कामच ऐकण्याचं. लांब दांड्याची हातोडी घ्यायची, उभ्या मालगाडीच्या कडेनं चालायचं, एकेका चाकावर ठोका मारायचा आणि आवाज ऐकायचा. धड चाक घंटेसारखं वाजतं. तडा गेलेलं चाक फुटक्या मडक्यासारखं, भद्द. धड चाकावर खडूची तिरकी रेघ, नाहीतर फुली. फुली पडली की डबा जागचा हलत नाही. मग बंदरात जहाज खोळंबलेलं असो, नाहीतर गिरणीचा मालक स्वतः येऊन उभा राहो. एकतीस वर्षांत कानसेनच्या रेघेचा एकही डबा रुळावरून उतरला नव्हता. हे तो न विचारता सांगायचा, आणि ऐकणाऱ्यानं मान डोलावली नाही तर पुन्हा सांगायचा.

त्यातली सत्तावीस वर्षं जोडीची. हा गाडीच्या अलीकडून चालायचा, थोरला भाऊ पलीकडून. मधे डबे, त्यामुळे तोंडं दिसायची नाहीत, पण दोन्हीकडची चाकं एकाच आसाला. यानं अलीकडच्या चाकावर ठोका मारला की दादा पलीकडच्या जोडचाकावर उत्तराचा ठोका मारायचा. उत्तर आलं म्हणजे पलीकडंही धड. नाही आलं म्हणजे थांब, काहीतरी गडबड आहे. आणि कानसेन कधी बुटाची नाडी बांधायला रेंगाळला, तर पलीकडून झटपट दोन ठोके यायचे. ठक्-ठक्. म्हणजे, झोपलास काय, चल पुढं. ही खूण त्या दोघांचीच होती. ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हती, घरातही नाही.

चार वर्षांपूर्वी दादाला झटका आला आणि उजवी बाजू गेली. त्याच वर्षी गिरणीनं नवं गोदाम बांधलं. त्याची भिंत माल भरायच्या सायडिंगला इतकी खेटून उठली, की डबा आणि भिंत यांत जेमतेम दीड वीत फट उरली. तिथून मांजर जाईल, माणूस नाही. ऑफिसनं तोड काढली: पलीकडची चाकं डबे रिकामे असताना मोकळ्या यार्डात ठोकायची, अलीकडची माल भरल्यावर. कागदोपत्री सगळं चोख.

पण तडा बोलतो तो ओझ्याखाली. कागदाचे रोल भरले की डबा साठ टनांवर जातो, आणि रिकामा असताना घंटेसारखं वाजलेलं चाक तेव्हा खरं काय ते सांगतं. कानसेननं यार्डमास्तरला तीनदा विनवलं, की भरलेली गाडी भिंतीपुढं काढून मला पलीकडून तपासू द्या. भिंत संपते तिथं रस्त्याचं फाटक. गाडी तिथं उभी राहिली तर दोन्हीकडं रांगा लागणार. यार्डमास्तर तीनदा नाही म्हणाले. कोपऱ्यातल्या नव्या खोक्याकडं त्यांनी बोट दाखवलं. त्यात चाकं तपासायचं यंत्र होतं, अजून न उघडलेलं.

"पुढच्या वर्षी हे ऐकेल. तुमच्या कानांनाही आराम."

कानसेनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण रागापेक्षा काळजी मोठी. त्या गाडीवर ड्रायव्हर होती त्याची स्वतःची मुलगी. इंजिनाच्या खिडकीत तिचा कोपर दिसला की बापाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आणि गिरणीतून गाडी सुटली की पुढं सात किलोमीटर उतार, उताराच्या तळाशी खाडीवरचा पूल. चोवीस डब्यांची पलीकडची शहाण्णव चाकं ओझ्याखाली न ऐकता तो रोज लेकीला त्या उतारावर सोडत होता.

पहिला ठोका ऐकू आला तो एका मंगळवारी, सकाळी साडेदहाला, लख्ख उन्हात. कानसेननं शेपटाच्या डब्यापासून सुरुवात केली, चाकावर हातोडी मारली, आणि अर्ध्या श्वासानंतर पलीकडून बारीकसा ठोका आला. त्याला वाटलं, भिंतीचा प्रतिध्वनी. पुढच्या चाकाला तसंच. त्याच्या पुढच्यालाही. पण प्रतिध्वनी ठोक्याच्या पाठीला चिकटून येतो, आणि त्याच सुरात येतो. हा थांबून येत होता, आणि वेगळ्या चाकाच्या सुरात. कानसेननं मुद्दाम डब्याच्या लोखंडी पायरीवर हातोडी मारली. उत्तर नाही. चाकावर मारली, उत्तर आलं. तो गुडघ्यांवर बसला आणि डब्याखालून वाकून पाहिलं. खडी, ग्रीसचे डाग, भिंतीचा पाया. बाकी काही नाही.

आता दुसरा कुणी असता तर देवाचं नाव घेऊन रजेवर गेला असता. कानसेन हिशेबी डोक्याचा. आठवडाभर त्यानं लय बदलून पाहिली, हातोडी बदलून पाहिली, कानात कापूस घालून पाहिला. कापसानं दोन्ही ठोके सारखेच दबले. म्हणजे डोक्यात वाजत नव्हतं, बाहेरच वाजत होतं. एवढं ठरवून त्यानं अळीमिळी गुपचिळी केली.

उलगडा झाला तो वहिनीकडं. दादा-वहिनी बंदराच्या टोकाला, जुन्या क्वार्टर्सच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचे. रविवारी कानसेन गेला, तर दादाच्या खुर्चीच्या डाव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला.

"हे काय, वहिनी?"

"काय सांगू, भावोजी. आठवडा झाला, रोज साडेदहा वाजले की यांचा डावा हात सुरू. ठक, ठक, ठक. खालची मंडळी विचारतात, वर सुतार ठेवलाय का?"

दादा वाकड्या ओठांनी हसला. झटक्यापासून त्याला शब्द जड जायचे. "हाताला सवय," एवढंच म्हणाला.

कानसेननं दादाचा तो हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. एकोणीस किलोमीटरवरून ते कसं होतं हे त्यानं स्वतःलाही विचारलं नाही. आपली जोडी मोडली नाही, एवढं त्याला पुरे होतं. घरी परतताना त्याची छाती अशी फुगली होती, की शर्टाचं बटण तुटायचं बाकी. त्या दिवसापासून तो पुन्हा पूर्वीसारखा चालू लागला. ठोका, उत्तर. ठोका, उत्तर. रोज चोवीस डबे.

असे पाच महिने गेले. मग तो गुरुवार.

जहाज दुपारच्या भरतीला सुटणार होतं. कानसेन नेहमीसारखा शेपटाकडून इंजिनाकडं निघाला. वीस डबे झाले. एकविसाव्याचं पहिलं चाक: ठोका, उत्तर. दुसरं: ठोका, उत्तर. तिसरं: ठोका.

काहीच नाही.

त्यानं पुन्हा मारला. अलीकडचं चाक घंटेसारखं खणखणलं. पलीकडं शांतता.

त्यानं खडू काढला आणि फुली मारली.

यार्डमास्तर धावत आले. "चाक वाजलं कसं?"

"अलीकडचं झकास."

"मग फुली कशाची?"

"पलीकडच्याची."

"पलीकडं तुम्ही गेलात कधी?"

खरं सांगावं तर वेड्यात काढतील. कानसेननं हातोडी आडवी धरून यार्डमास्तरच्या हातात दिली.

"हे चार पुढचे डबे फाटकावर काढा. वीस मिनिटं द्या मला. काही निघालं नाही, तर ही परत देऊ नका. उद्यापासून तुमचं खोकं उघडा."

"आणि जहाज गेलं तर?"

वरून इंजिनाच्या खिडकीतून मुलगी बोलली. आवाज चढवला नव्हता तिनं. "साहेब, बाबांची फुली असताना मी गाडी उतारावर घालणार नाही. फाटकापर्यंत नेते, माणसाच्या चालीनं."

फाटक पडलं. दोन्हीकडं ट्रक ओरडू लागले. एकविसावा डबा भिंतीच्या सावलीतून उन्हात आला. कानसेननं यार्डमास्तरच्या हातून हातोडी घेतली, डब्याला वळसा घालून पलीकडं गेला आणि तिसऱ्या चाकावर ठोका मारला.

भद्द.

ऐकायला कानसेन असण्याची गरज नव्हती. फाटकवालासुद्धा वळून पाहू लागला. चाकाच्या कडेपासून आसापर्यंत तडा गेला होता, आत नख शिरेल एवढा. यार्डमास्तरांनी खरंच नख घालून पाहिलं आणि रुमालानं बोट पुसत राहिले.

"उतारावर दोन किलोमीटरही..." ते म्हणाले. मग हळूच, "कळलं कसं तुम्हाला?"

"एकतीस वर्षं, साहेब," कानसेन म्हणाला. पण सगळं श्रेय एकट्यानं घेताना त्याला जरा लाजच वाटली.

डबा गाडीपासून तोडून बाजूला काढला. उरलेली गाडी भरतीच्या आधी बंदरात पोचली. कानसेन त्या दिवशी लेकीशेजारी इंजिनात बसून गेला. पुलावरून जाताना तिनं बापाच्या गुडघ्यावर थोपटलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

तो थेट दादाकडं गेला. खुर्चीसमोर पाटावर बसून त्यानं पहिल्या मंगळवारपासूनचं सगळं सांगितलं. वहिनी चहा गाळता गाळता थांबली.

"तू आज उत्तर दिलं नाहीस, दादा. म्हणून पोर वाचली."

दादाचा चेहरा अभिमानानं उजळला होता. डावा हात खुर्चीवरून उचलून त्यानं छातीवर ठेवला. "ऐकू येतो मला. तुझा ठोका. रोज." मग विचारलं, "कितवा डबा?"

"एकविसावा."

दादा त्याच्याकडं पाहत राहिला. हात हळूहळू खाली आला.

"गाडी... अठराची."

"आपल्या वेळी अठराची. आता चोवीसची असते."

"मला अठराच," दादा म्हणाला. "पुढं ऐकू येत नाही. हात थांबतो."

कानसेननं वहिनीकडं पाहिलं.

"बहात्तर ठोके," वहिनी म्हणाली. "अठरा डबे, एका बाजूला चार-चार चाकं. दुसरा काय उद्योग मला, रोज मोजते. एक कमी नाही, एक जास्त नाही."

"आज?"

"आजही बहात्तर. मग यांनी पाणी मागितलं."

चहा तसाच निवला. खाली बंदरात जहाजाचा भोंगा वाजला, भरती साधल्याचा. तिघांपैकी कुणी खिडकीशी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला कानसेन कामावर हजर होता. त्याची रेघ चुकली नव्हती आणि चुकणारही नव्हती. अठरा डबे त्यानं रोजच्या लयीत केले. ठोका, उत्तर. दादाचा सूर आता त्याला नावानं ओळखू येत होता.

एकोणिसाव्याशी तो आला, जिथं दादाचा हात थांबायचा. हातोडी उचलली, आणि मारली नाही.

ऊन पाठीवर तापत होतं. डब्याखालून खडी दिसत होती, भिंतीचा पाया दिसत होता. त्यानं श्वास रोखला. इंजिनाच्या खिडकीत लेकीचा कोपर होता.

तो थांबून राहिला. बराच वेळ.

मग पलीकडून, अगदी त्याच्या हातासमोरच्या चाकावर, झटपट दोन ठोके आले.

ठक्-ठक्.