बदामाचं कोरडं पान

“फक्त हिचंच पान कोरडं कसं?” कुंदन ओरडला आणि बागेतली सगळी पोरं संघप्रियाकडे वळली.

कामोठ्यातल्या त्या सोसायटीत मुलांनी सुट्टीत एकेक झाड दत्तक घेतलं होतं. प्रत्येकाने कागदावर झाडाचं आणि आपलं नाव रंगवलं. संघप्रियाच्या आईने, शर्मिलाताईंनी, ते कागद पानांच्या आकारात कापून घरच्या मशीनवर लॅमिनेट करून दिले. ही पानं ज्याच्या त्याच्या झाडाला बांधली होती. माळ्याने दोन दिवस पाइपने पाणी मारलं आणि सगळ्यांचे रंग ओघळले. संघप्रियाचं पान तेवढं ठणठणीत!

“स्वतःच्या मुलीचं चांगलं, आमचं बोगस!” संध्या फणकारली.

“नाही गं! सगळी एकाच मशीनवर...”

पण ऐकायला थांबतंय कोण?

तुर्भ्याहून येऊन संघप्रियाला महिना झाला होता. महिनाभर गॅलरीतून इतरांचे खेळ बघण्यात गेला. पानांच्या निमित्ताने पहिल्यांदा कोणी तिला नावाने हाक मारली, आणि आता तेही गेलं! झाडं वाटतानासुद्धा तिच्या वाट्याला उरला तो पंपाच्या खोलीमागचा बदाम. तिथे कुणी फिरकत नसे. ती त्याच्याखाली बसून पोटभर रडली.

मग नाक पुसून तिने आपलं पान न्याहाळलं. भोवती प्लास्टिकचा बारीक पारदर्शक काठ होता. आई आधी कागद कापते, मग तो लॅमिनेट करते आणि शेवटी बाहेरचं प्लास्टिक कापताना काठ राखते. तिथेच दोन्ही थर चिकटतात, म्हणून पाणी आत शिरत नाही.

ती धावत कुंदनच्या कडुलिंबाशी गेली. काठ गायब! संध्याच्या जांभळावरही तेच. कापही वेडावाकडा, कात्रीचा. बाकीची पानं बांधण्याआधी एक दिवस सोसायटीच्या ऑफिसात होती. तिचं मात्र तिनेच घरून आणून बांधलं होतं. तिने ऑफिसच्या खिडकीतून डोकावलं. कचऱ्याच्या डब्यात प्लास्टिकच्या बारीक, चकचकीत पट्ट्या!

घरून एक नवं पान घेऊन ती संध्या आणि कुंदनसमोर उभी राहिली. “पाचच मिनिटं चला. मग पुन्हा माझ्याशी बोलू नका, चालेल.”

सेक्रेटरी रावसाहेबकाका ऑफिसात पेपर वाचत होते.

“काका, हे पान ठीक आहे का?”

काकांनी चष्मा सावरला. “काम चांगलं आहे, पण फिनिशिंग नाही!” ड्रॉवरमधून कात्री काढून त्यांनी सगळा काठ उडवला. “हे बघ, कसं टापटीप! मागची सगळी मीच नीट केली.”

कुंदनचा आ वासला! संघप्रियाने ते पान टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात बुडवलं. बघता बघता कडेने पाणी शिरलं आणि हिरवा रंग ओघळला.

“काठ कापला की असं होतं, काका.”

“अरे देवा! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती!” काकांनी कपाळावर हात मारला. ते तडक शर्मिलाताईंकडे गेले. “माफ करा ताई, चूक माझी. पण पोरगी हुशार आहे हो तुमची!”

आईने तिला जवळ ओढलं. संघप्रियाला बरं वाटलं, पण पाच मिनिटं संपली होती. दुसऱ्या दिवशी ती एकटीच बदामाकडे गेली.

तिच्या पानाशेजारी आणखी एक पान लटकत होतं. ‘बदाम: संघप्रिया, संध्या, कुंदन.’ आकार पार वाकडा होता, पण काठ मात्र जपून राखलेला.

“तुझ्या आईनं मशीन शिकवली आमाला!” मागून कुंदन म्हणाला. “संघप्रिया, पकडापकडीला एक जण कमी हाय. येतेस?”

ती इतकी जोरात धावली, की एक चप्पल बदामाखालीच राहिली.