रडण्याची भाकरी

नाव नाईलच्या पश्चिम तीराला लागली, मयताची पेटी खाली उतरली, आणि तामीतनं रिवाजाप्रमाणे मूठभर धूळ स्वतःच्या डोक्यावर उधळली. वारा नेमका फिरला… धूळ गेली ती उंबराखाली मांडी घालून बसलेल्या लेखनिकाच्या ओल्या शाईवर!

"अगं ए बाई! मेलेल्याच्या वाटेत माती कालवतेस का?"

तामीतनं हंबरडा मध्येच तोडला आणि खुदकन हसली. "फुंकर मारा की, लेखनिकबुवा!"

त्यानं फुंकर मारली. पाठोपाठ खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. तामीतचं हसू ओठांवरच विरलं.

त्याचं नाव पाशेदू. थडग्यांच्या भिंतींवर तो मंत्र कोरायचा, मयताबरोबर ठेवायच्या पोथ्यांत लिहायचा — ओसायरिस देवाच्या दरबारात जिवानं काय बोलायचं ते. तामीत मजुरीनं रडणारी. तिला रडण्याची भाकरी मिळायची, वर जमलं तर कांदे.

त्या दिवसापासून तिचे डोळे रडता रडता त्यालाच शोधू लागले.

"आज कशी रडले?"

"झकास! मयतालासुद्धा वाटलं असेल, उगाच मेलो."

"आणि तुला?"

"मला… वाटलं, ही एकदा माझ्यासाठी हसावी."

एका दुपारी ती उंबराखाली त्याच्या शेजारी टेकली. "वाच ना, काय लिहिलंस?"

"दरबारातली कबुली. मी चोरी केली नाही. मी देवाच्या नैवेद्याला हात लावला नाही. मी कुणाला रडवलं नाही." लेखणी थांबली. "एका पारड्यात काळीज, दुसऱ्यात सत्याच्या देवीचं, माअतचं पीस. काळीज जड भरलं की ते गिळायला खाली मगरतोंडी राक्षसीण टपलेलीच."

"अगंबाई! मग माझ्या गिऱ्हाइकांचं काय? त्यांच्यापायी मी रोज ढसाढसा रडते."

"मजुरीचं रडणं मयताच्या माथी बसत नाही, वेडे. तो धंदा झाला."

ती हसली नाही. वाळूत बोटानं रेघा ओढत हळूच म्हणाली, "पाशेदू… माझं बोचकं घेऊन तुझ्या घरी कधी येऊ?"

त्यानं लेखणी खाली ठेवली. "नको येऊस. भिंती कोरल्या, दगडाची धूळ छातीत बसली. यंदाचा पूर मला दिसायचा नाही. तुला घरात आणून विधवा करू? मग त्या दरबारात कोणत्या तोंडानं म्हणू — कुणाला रडवलं नाही?"

"जीव आहे ना माझ्यावर? तेवढंच सांग."

"आहे गं… म्हणून तर हात जोडतो. माझ्यासाठी रडू नकोस."

नाईलचं पाणी चढू लागलं, आणि पाशेदूची पेटी पश्चिम तीरावर उतरली. बाकीच्या बाया छाती पिटत होत्या. तामीत मात्र ओठ दातांत धरून उभी. डोळे कोरडे, लालभडक.

पाशेदूची आई हेनूत कळवळून म्हणाली, "पोरी, त्यानं तुझ्यावर जीव ओवाळला… आणि तुझ्या डोळ्यात टिपूससुद्धा नाही?"

तामीतनं हात पुढे केला. "आई… आधी माझी भाकरी द्या."

"जळो मेलीचं तोंड!" बाया करवादल्या. "याच्याकडूनही मजुरी?"

"याच्याकडूनच." तिनं हात आणखी पुढे केला. "लवकर द्या हो, आई… आता आवरत नाही."

हेनूतच्या ध्यानात आलं. जन्मभर लेकाच्या तोंडून 'कुणाला रडवलं नाही' ही कबुली ऐकलेली माय ती! मयताच्या नैवेद्याला हात न लावता तिनं स्वतःच्या शिदोरीतली भाकरी काढली आणि तामीतच्या हातावर ठेवली. "घे, बाळा. रड आता. पोटभर रड."

तामीतनं भाकरी छातीशी घट्ट धरली, मूठभर धूळ डोक्यावर उधळली… आणि असा टाहो फोडला की लव्हाळ्यातले बगळे उडाले.

देवांच्या डोळ्यांत का कुणाला धूळ टाकता येते? त्यांना सगळं कळलंच असेल. पण ती भाकरी पाहून माअत माउलीनं पिसाच्या पारड्यावर हळूच आपलं बोट टेकवलं असेल…