हौसाचा उपास

प्रसादाचा रवा भाजता भाजता हौसाचा हात एकाएकी थबकला... बाहेरून हैबतरावांचा आवाज आला होता. "शिऱ्याला हौसाला हात लावू देऊ नका, आज श्रावणी सोमवार, आणि तिचे उपास आपल्याला चांगले ठाऊक आहेत!" रोह्याजवळच्या वरसे गावातल्या त्यांच्या नव्या घरात सत्यनारायणाला जमलेली माणसं खळखळून हसली. हौसानं मुकाट्यानं उलथणं नणंदेच्या, चंद्रावतीच्या हाती दिलं.

हैबतराव चंद्रावतीचे सासरे. गळ्यात तुळशीची माळ. घरात कुणी वर एक आणि आत एक वागलं, की 'हा हौसाचा उपास' म्हणायची चाल त्यांनीच पाडलेली. ते बोलणं रोह्याहून पेणला, मिठागराकडच्या हौसाच्या घरी पोचलं आणि सासूनं तिला नैवेद्याच्या चुलीपासून कायमचं दूर केलं. कोण ती मानहानी! पण त्या माउलीनं कधी ब्र काढला नाही.

आज चंद्रावतीची लेक किमया मात्र कळवळली. "आई, हे बोलणं आलं कुठून गो? मामीनं असं केलं तरी काय?"

हौसा डोळ्यांनीच नको नको म्हणत होती. "जाऊ दे गो, रवा करपतोय," ती पुटपुटली. पण चंद्रावतीनं गॅस बंद केला आणि ती तडक सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही मला बघायला आलात, त्या श्रावणी सोमवारी सुकट-भात मी खात व्हते. भूक निघाली नाय मला. तुम्ही पाय धुवायला मागल्या दारी आलात, आणि वैनीनं माझं ताट ओढून आपल्या पुढ्यात घेतलं. नायतर तुम्ही मला सून केली असती काय? आणि मी... एवढी वर्षं तुमच्यासंगं हसत राहिले. वर एक आणि आत एक ती नाय बाबा, मी हाय."

ती ढसाढसा रडू लागली. हसणारी माणसं माना खाली घालून बसली. हैबतराव कसेबसे उठले, भिंत धरत स्वयंपाकघराच्या दारात आले.

"नवा रवा घे, पोरी," ते म्हणाले. "आज देवाला तुझ्याच हातचं जाईल." मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी... त्या ताटातलं तू काय खाल्लं तरी व्हतंस का गो?"

हौसा बेसिनशी हात धूत होती. हात धुता धुता तिनं पदरानं डोळे टिपले.

"नाय. उपास व्हता माझा," ती म्हणाली. "हात तेवढा खरकटा झाला, तोंड नाय."

आणि तिनं रव्याचा डबा पुढे ओढला.