शनिवारचा कोंडू, रविवारचा कोंडू

"अहो… तो माझा चार्जर आहे!"

कैलासनं दचकून हात मागे घेतला. वलवणच्या वाचनालयात चालू प्लग एकच, आणि त्यानं आपली समजून तिची वायर ओढली होती.

"सॉरी… विझला का लॅपटॉप?"

"विझायला ती काय चूल आहे?" करिष्मा म्हणाली. हसू मात्र तिला दाबता आलं नाही.

खरं तर हसायला वेळच नव्हता. तिच्या वाडीतली माणसं पर्यटकांना डोंगरातली वाट दाखवायची. त्यांच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम तिनं लिहिला होता. तो आज चार वाजता पर्यटन समितीपुढे चालला नाही, तर पाळ्या बाहेरची कंपनी लावणार होती. वाडीतल्या कुणाला बोलवायचं, कुणाला नाही, तेही ती कंपनीच ठरवणार.

आणि प्रोग्राम चुकत होता.

"शनिवारच्या यादीवरून रविवारची केली," तिनं दाखवलं. "रविवारी बाबांना सहाऐवजी आठला बोलावलं, तर शनिवारीपण आठच होतात!"

कैलास वाकला. जास्वंदीच्या तेलाचा वास आला, तसा जरा जास्तच वाकला.

"'रविवार बरोबर शनिवार' असं लिहिलंत ना? मला घरी माऊली म्हणतात, कॉलेजात कैलास. घरी माऊलीचं टक्कल केलं, तर कॉलेजात कैलास कसा दिसेल?"

"बावळट," ती पटकन म्हणाली, आणि तिचे डोळे चमकले. "म्हणजे नावं दोन, पण यादी एकच!"

"मग कॉपी घ्या." त्यानं ऐटीत एक शब्द टाइप केला. "झालं."

तिनं चालवून बघितलं. बाबांच्या नावापुढं पुन्हा तेच: कोंडू, शनिवार — आठ.

कैलासची ऐट उतरली. घड्याळात साडेतीन. करिष्मा ओठ चावत पडद्याकडे बघत राहिली. यादी तर नवी झाली… मग आत काय जुनं राहिलं?

"माऊली," ती हळूच म्हणाली, "गोठा नवा बांधलात, पण आत गाय तीच! दोन्ही याद्या बाबांच्या एकाच नोंदीकडं बोट दाखवतायत. नोंदीसुद्धा नव्या पाहिजेत — पार आतपर्यंत."

तिनं तसं केलं. शनिवार सहा. रविवार आठ!

कैलास तिच्याकडे बघतच राहिला.

"पडदा हिकडं आहे," ती म्हणाली.

चार वाजता समितीचे प्रमुख महिपती आबा, म्हणजे कैलासचे चुलते, स्वतः वेळा बदलून बघत होते. एकही चूक सापडेना.

"वा! आमच्या माऊलीनं केलं ना हे?"

करिष्मानं कैलासकडे बघितलं. आता हा काय बोलणार…

"न्हाई आबा. सगळं तिनं केलं," कैलास म्हणाला. "मी दुरुस्त करायला गेलो अन् चुकलो. तेपण तिनंच निस्तरलं."

"माझी लेक हाय ती," मागं उभा असलेला कोंडू सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"मग पाळ्या वाडीच लावील," आबा म्हणाले.

करिष्मा बाहेर आली ती ताठ मानेनं. पायरीवर कैलास उभा होता.

"रविवारी येऊ का… डोंगर बघायला?"

"जन्म वलवणचा, अन् डोंगर बघायचाय?"

"डोंगर… नाही." एवढं बोलून तो कानापर्यंत लाल झाला.

ती दोन पायऱ्या उतरली, थांबली, वळली.

"बूट चांगले घाल," ती म्हणाली. "बाबा लय भरभर चालतात. मी… चालते हळू."