बदलायचं राहिलेलं ब्रेक ऑइल

कोबीच्या पेट्या चढेपर्यंत वेळ आहे, तोवर चहा घ्या आणि ऐका. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये खिदळलेलं मला चालणार नाही. युंग-चांग माझ्या शेजारचाच. डोंगरावरच्या लीशानवरून खाली यीलानच्या बाजारात पिकअपने कोबी न्यायचा, आता तुम्ही नेता तसाच.

त्या उन्हाळ्यात गॅरेजवाल्या वेईने त्याला ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून दाखवलं. आतलं तेल सोयासॉससारखं काळं. वेई म्हणाला, खालच्या लोकांनी दोन वर्षांनी बदललं तरी चालतं, पण आपण धुक्यात राहतो आणि हे तेल हवेतलं पाणी पितं, तेव्हा आपण दर वर्षी बदलायचं. नाहीतर भरल्या गाडीने उतारावर सारखा ब्रेक मारला की ते पाणी उकळतं. मग पेडल दाबा नाहीतर उशी दाबा, सारखंच.

युंग-चांग बदलून घेणारच होता, तेवढ्यात भुताखेतांचा सातवा महिना लागला. मेलेल्यांची दारं उघडी असताना गाडी खोलायची नाही, असं त्याच्या आईने बजावलं. उघड्या गाडीत कोण शिरेल याचा नेम नाही, म्हणे. हा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. महिनाभराने काय बिघडतंय, म्हणाला.

त्या महिन्याची शेवटची रात्र. उद्या दारं बंद होणार होती. त्याची सात वर्षांची यू-रूअ संध्याकाळपासून पोट धरून रडत होती, ती अकराच्या सुमारास रडायची थांबली. त्यानेच तो जास्त घाबरला. गावातली नर्स म्हणाली, अपेंडिक्स फुटलंय बहुतेक, उजाडायची वाट पाहू नका. अँब्युलन्स दुसऱ्या कुणाला घेऊन आधीच खाली गेलेली. बाजारासाठी भरलेली पिकअप दारात होती. पेट्या उतरवायलाही तो थांबला नाही. पोरीला शेजारी, उजवीकडच्या सीटवर बसवलं आणि निघाला.

खिंड ओलांडली की सगळा उतारच. धुकं दाटलेलं. गिअर खालचा ठेवायचा हे त्याला काय सांगायला हवं? पण पोरगी कण्हली की त्याचा जीव वरखाली व्हायचा. मग वेग वाढायचा, आणि वळणावर ब्रेक.

एका वळणावर पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणावर तळाला टेकलं. त्याने पुन्हा दाबलं... पुन्हा. काही नाही. हँडब्रेक ओढला. नुसता जळका वास. मागून कोबीचं वजन रेटतंय.

सातव्या महिन्यात रात्री कुणाला 'ये' म्हणायचं नसतं, पोरांनो. त्याला माहीत होतं. पण एका बाजूला दरी होती आणि शेजारी पोर होती. तो ओरडला, "कोणी असाल तर या... कोणीही या. माझं काय करायचं ते करा, हिला खाली पोहोचवा."

नुसता इंजिनाचा आवाज.

मग त्याच्या उजव्या पायावर काहीतरी टेकलं. गार.

त्याने खाली पाहिलं नाही.

पेडल घट्ट झालं. वळण आलं की पाय दाबला जायचा. वळण गेलं की सुटायचा. दाबणारा तो नव्हता.

"बाबा..."

"बोलू नकोस बाळा. आलंच."

"मी दाराकडे सरकलेय. ते नीट बसलेत आता."

त्याने शेजारी पाहिलं नाही... खालपर्यंत नुसतं स्टिअरिंग फिरवत राहिला.

पोरगी वाचली. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती. वेईला सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की तेल गार झालं की पेडल परत येतं कधीकधी. येत असेल. मीही मान डोलावली.

तेव्हा युंग-चांगने चप्पल काढून उजवा पाय पुढे केला. पायाच्या वरच्या बाजूला पाच बोटं उमटलेली, निळी. मोठ्या माणसाच्या अनवाणी पायाची. अंगठा त्याच्या उजव्या हाताकडे, म्हणजे डावा पाय. उजवीकडच्या सीटवरून कुणी लांब करावा, तसा.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. शेवटचे मोजे मीच चढवले त्याला. बोटं तशीच होती.